गरम वाफा आठवड्यात गार पडतो? वरून लीद घालू नका, आधी आत हात घाला

पॉलिटनेलमध्ये, म्हणजे कमानींवर प्लास्टिक ताणून केलेल्या बोगद्यात, गरम वाफा (खाली लीद-पेंढ्याचा तापणारा ढीग, वर रोपांची माती) केला की गोष्ट बहुतेक एकाच वळणाने जाते. पहिल्या दिवशी लीद आणि पेंढा थरावर थर रचला. तिसऱ्या दिवशी सकाळी ढिगातून वाफ येताना दिसली, जीव सुखावला. पाचव्या दिवशी आत हात धरवेना. आणि नवव्या-दहाव्या दिवशी बघावं तर सगळं गार. वर पेरलेली मिरची, टोमॅटो, वांगी उगवायचं नाव घेत नाहीत, किंवा उगवतात आणि दोन दिवसांत माना टाकतात. मग पुढच्या हंगामात आणखी लीद, आणखी मोठा ढीग, आणि पुन्हा तेच.

सलग तीन हंगाम मी यातून गेलो आहे. ढीग गार पडला की मी त्यावर दोन-तीन घमेली ताजी लीद पसरायचो आणि झारीने पाणी द्यायचो. दोन दिवस वरचा थर कोमट व्हायचा, की परत जैसे थे. बहुतेक जण हाच उपाय करतात. पण तो रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशातला आहे. दुखणं खाली गाभ्यात असतं आणि आपण मलम वर लावत बसतो.

तिसऱ्या वर्षी नवव्या दिवशी मी फावडं घेतलं आणि वाफा मधोमध उभा चिरला. आत जे दिसलं ते आजही डोळ्यांसमोर आहे. वरचा वीतभर थर ओला, काळपट. कडेचा पेंढाही ओला, कारण माझ्या झारीचं पाणी तिथूनच ओघळून गेलं होतं. आणि मधला गाभा, जिथे सगळी धग असायला हवी होती तो, राखाडी-पांढरा. पेंढ्याच्या काडीकाडीवर राख भुरभुरल्यासारखी पूड. एक काडी वाकवली तर टक्कन मोडली. ओंजळभर माल मुठीत दाबला तर पाण्याचा थेंब सोडाच, मूठ उघडताच सगळं बोटांमधून गळून पडलं. ढीग उपाशी नव्हता, तहानेने मेला होता.

ती पांढरी पूड पाहून लोक बुरशी लागली म्हणून घाबरतात. ती बुरशी नसते. ॲक्टिनोमायसीट्स नावाचे, धाग्यांसारखे वाढणारे ते जीवाणू असतात. काडीतला चिवट भाग तेही फोडतात, त्यामुळे थोडे असले तर चांगलंच. पण गाभा सगळाच पांढरा पडला असेल तर आतलं पाणी संपलं, असं खुशाल समजावं.

ऊब लिदीत नसते

हे एकदा मनात नीट बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. लीद किंवा शेण स्वतः गरम नसतं. त्यातले जीवाणू खातात, वाढतात, आणि त्या खाण्यातून उष्णता बाहेर पडते. ढीग थंड पडला याचा अर्थ त्यांचं खाणं थांबलं. ते का थांबलं, एवढंच शोधायचं.

त्यांना खाद्य लागतं, म्हणजे पेंढा-पालापाचोळ्यातला कार्बन आणि लीद-शेण-हिरव्या गवतातला नायट्रोजन. साधारण २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन, हे प्रमाण त्यांना मानवतं. पण खाद्य असून चालत नाही. जमिनीबद्दल आपण वाफसा म्हणतो ना, ओलही पुरेशी आणि हवाही खेळती अशी स्थिती, तोच वाफसा ढिगालाही लागतो. शंभर किलो मालात ५० ते ६० किलो पाणी असावं. त्याच्या बरंच खाली गेलं की जीवाणू सुस्तावतात. फार वर गेलं की काड्यांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, हवा कोंडते आणि ढीग तापण्याऐवजी सडतो.

आता गंमत बघा. ज्या वाफेला पाहून आपण खूश होतो, तीच ढिगाची ओल घेऊन चाललेली असते. आणि नुसती ओल नाही. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्या उष्णतेत पाच लिटरहून जास्त पाणी बर्फाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत नेता येईल. म्हणजे ६५ अंशांवर भसाभस वाफ सोडणारा उघडा ढीग स्वतःच स्वतःला वाळवत आणि विझवत असतो. माझे तिन्ही वाफे असेच गेले. पहिल्या आठवड्यातली धग जितकी जोरदार, तितका दुसऱ्या आठवड्यातला गारवा लवकर.

आधी हे बघा: वाफा खरंच गार पडलाय का?

हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारतो, कारण निम्म्या वेळा वाफ्याला काहीही झालेलं नसतं. नवा वाफा ६० अंशांच्या पुढे चढतो आणि मग उतरतो. तो उतरायलाच हवा. ६० अंशांत पेरलेलं भाजीचं बी जगत नाही, मुळं भाजून निघतात. वाफ्यावरच्या मातीत, दोन-तीन इंच खोलीवर, २५ ते २७ अंश स्थिर झाले की ती पेरणीची वेळ. ६० चे ३० झाले म्हणून हळहळून ढीग उपसणारे पाहिले की वाईट वाटतं. त्यांचा वाफा नुकता कामाला लागलेला असतो.

म्हणून थर्मामीटर घ्या. कंपोस्टसाठी लांब दांड्याचा मिळतो, तो उत्तम. नसेल तर लोखंडी सळई ढिगाच्या गाभ्यात खुपसून दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढून लगेच टोक मुठीत धरा. धरवत नसेल तर आत ५० च्या वर आहे. अंघोळीच्या पाण्यासारखी ऊब लागली तर ४० च्या आसपास. काहीच जाणवलं नाही तर मात्र खरंच विझलाय. आणि मोजताना दोन जागी मोजा, एकदा बी जिथे आहे त्या खोलीवर, एकदा हातभर खाली गाभ्यात. हे दोन आकडे शेजारी ठेवले की अर्धं निदान होतं.

गाभ्यात ४५ आणि मातीत १४ असेल तर ढीग ठणठणीत आहे, ऊब वर टिकत नाही एवढंच. यात बहुतेक वेळा वरचा मातीचा थर फार जाड किंवा चिखलासारखा ओला असतो. १५ ते २० सेंटिमीटर माती-कंपोस्टचं मिश्रण पुरे. दुसरं कारण रात्र. दिवसा पॉलिटनेल उबदार असतो म्हणून आपण रात्रीबद्दलही निर्धास्त राहतो. पण साधं पॉलिथिन जमिनीतून निघणारी उष्णतेची किरणं बऱ्याच प्रमाणात बाहेर जाऊ देतं. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री टनेलच्या आतलं तापमान पहाटेपर्यंत बाहेरच्या जवळ येतं, कधी त्याच्या खालीही जातं. रात्रीची ऊब प्लास्टिकचा कागद देत नाही, वाफा देतो. ती धरून ठेवायची तर वाफ्याच्या वर वेगळं आच्छादन हवं. कमानींवर ताणलेलं दुसरं प्लास्टिक, जुन्या खिडकीची काच किंवा न विणलेलं पांढरं कापड, आणि कडाक्याच्या रात्री त्यावर गोणपाट. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत झाकायचं. ऊन गेल्यावर झाकलं तर गारवाच झाकून ठेवल्यासारखं होतं.

दोन्ही आकडे खाली असतील तर मात्र ढीग उघडायचा.

चिरून बघताना काय दिसतं

मूठभर माल गाभ्यातून काढा, वरून नको. जोरात दाबा. बोटांच्या फटींतून एक-दोन थेंब दिसले आणि मूठ उघडल्यावर गोळा टिकला, तर वाफसा आहे. धार लागली तर पाणी जास्त. भुगा झाला तर कोरडा. ही मुठीची चाचणी मला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त भरवशाची वाटते, आणि तरीही आपण ती ढीग रचताना एकदा करतो आणि मग विसरून जातो.

मग नाक. वाफसा असलेल्या ढिगाला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. डोळ्यांत झोंबणारा अमोनिया आला तर नायट्रोजन जास्त झालाय, पेंढा कमी पडलाय. कोंबडीखत वापरणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, कारण त्यात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण जेमतेम ७ ते १० असतं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा नाही. नुसत्या ताज्या गवताचे जाड थर टाकले की ते एकमेकांना चिकटून चामड्यासारखा थर होतो आणि त्याखाली हिरवट लगदा साचतो. गाईगुरांच्या शेणाचंही तसंच. ते आधीच रवंथ होऊन, बारीक होऊन आलेलं, ओलं आणि घट्ट असतं. घोडा रवंथ करत नाही, त्याच्या लिदीत अर्धवट पचलेल्या काड्या असतात, त्यामुळे ती भुसभुशीत राहते आणि लवकर पेटते. म्हणूनच गरम वाफ्याला लीद हवी असं पूर्वीपासून म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतीचे भाजीवाले शहरातल्या घोड्यांच्या लिदीवर कडाक्याच्या थंडीत कोवळी भाजी काढत. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, आणि त्यांच्याबरोबर वाफ्यांचा तो धंदाही मावळला.

लीद मिळत नसेल तर शेणात दुप्पट पेंढा मिसळा, हाताने मोकळा करून, आणि धग कमी वाटली तर ताजं कापलेलं गवत पातळ थरांत घाला. चालतं. मी केलंय.

मुळात तापलाच नाही, तर

इथे फार खोदकाम करायची गरज नसते. लीद जुनी असेल तर तिची धग आधीच कुठल्यातरी उकिरड्यावर खर्च झालेली असते. महिनाभर ढिगात पडलेली लीद उत्तम खत आहे, पण इंधन म्हणून तिच्यात फारसं काही उरत नाही. लाकडाचा भुसा अंथरलेल्या तबेल्यातली लीदही फसवते. भुशात कार्बन इतका जास्त, एका भाग नायट्रोजनला ३०० भागांच्याही वर, की नायट्रोजन कमी पडतो आणि ढीग नुसता कोमट राहतो.

नाहीतर ढीग लहान असतो. एक मीटर लांब, रुंद, उंच ढिगाला एक घनमीटर मालामागे सहा चौरस मीटर पृष्ठभाग असतो. प्रत्येक बाजू अर्धी केली की तोच हिशोब बारावर जातो. म्हणजे प्रत्येक किलो मालामागे ऊब निसटायला दुप्पट जागा. घरच्या परसात मोठा ढीग जमत नसेल तर कडेने पेंढ्याचे गठ्ठे किंवा सुक्या पानांनी भरलेली पोती लावून उभी भिंत करा. पण फूटभर उंचीच्या ढिगाकडून सहा आठवड्यांची अपेक्षा ठेवू नका.

वाळलेला वाफा परत पेटवायचा कसा

वरून पाणी ओतून होत नाही. वाळलेला पेंढा पाणी पीत नाही, झटकून टाकतो. छपरावरून पाणी ओघळावं तसं ते कडेने खाली जातं, आणि आपल्याला वाटतं भरपूर दिलं.

वरची माती बाजूला काढायची, रोपांचे ट्रे हलवायचे. सगळा ढीग ताडपत्रीवर उपसायचा. बाहेरचा ओला माल एका बाजूला, गाभ्यातला कोरडा दुसऱ्या बाजूला. मग थर रचायला घ्यायचे, वीतभर उंचीचा एकेक, आणि यात जुनं बाहेरचं आत आणि आतलं बाहेर गेलं पाहिजे. प्रत्येक थरावर झारीच्या बारीक तोंडाने पाणी, आणि पाणी घातल्यावर काट्याने उलटसुलट करून परत थोडं. कोमट पाणी मिळालं तर जास्त बरं, कोरड्या काड्यांत ते लवकर मुरतं आणि ढिगाचा गारवाही वाढत नाही. थर हलक्या हाताने दाबायचा, पायाने तुडवायचा नाही. माझा चार फूट लांब-रुंद आणि अडीच फूट उंच वाफा त्या दिवशी दहा लिटरच्या नऊ झाऱ्या पाणी प्यायला, आणि सहाव्या झारीपर्यंत मुठीत एक थेंबही आला नव्हता.

घाई करू नका. त्या दुपारी मी थरामागे थर मूठ दाबून बघत बसलो होतो, दोन तासांचं काम साडेचार तासांत झालं, आणि तो वेळ सार्थकी लागला.

जुना माल फार खर्च झाला असेल तर चौथाई ताजी लीद मिसळा, पण मिसळून, थरात, वर पसरून नव्हे. आणि बरोबरीने सुकी पानं घाला. पानं मिसळलेला वाफा नुसत्या लिदीच्या वाफ्याइतका तापत नाही, पण ऊब सौम्य आणि जास्त दिवस देतो. आता मी पहिल्यापासूनच निम्मी पानं घालतो. ती ६५ अंशांची दिमाखदार वाफ मला नकोच असते.

रोपं वर उगवलेली असतील आणि ढीग उपसणं शक्य नसेल, तर जुन्या माळ्यांची युक्ती आहे. वाफ्याच्या चारही बाजूंनी फूट-दीड फूट रुंदीचं ताज्या, ओलसर लिदीचं अस्तर लावायचं, वाफ्याच्या उंचीइतकं. ऊब कडेकडून आत शिरते. गेलेला गाभा त्याने जिवंत होत नाही, पण रोपं दोन-तीन आठवडे निभावतात, आणि तेवढा वेळ बहुतेकदा पुरतो.

रचून झाला की वरून ओली गोणपाटं टाका. वाफ त्यात अडते, थेंब होऊन परत खाली झिरपते. दर चार दिवसांनी सळईने पाच-सहा भोकं पाडून गाभ्याची ओल बघा. कोरडं वाटलं तर त्याच भोकांतून नरसाळ्याने थोडं थोडं पाणी सोडा, म्हणजे ते थेट गाभ्यात पोचतं.

रोपं मात्र तरीही मरतात

वाफा गरम, तरी रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडत असतील तर ती मर आहे, पिथियम किंवा रायझोक्टोनिया या मातीतल्या रोगजंतूंची. खालून ऊब, वरून कोंडलेली दमट हवा आणि दाट पेरणी, त्या रोगजंतूंना याहून चांगली जागा नाही. पेरणी विरळ करा, पाणी सकाळी आणि ट्रेच्या खालून द्या. प्लास्टिकवरून थेंब टपटपत असतील तर गारव्याची भीती न धरता दुपारी दार उघडा. अर्धा तास पुरतो.

पानांच्या कडा करपल्या असतील तर अमोनिया. पहिल्या आठवड्यात टनेल बंद ठेवून वाफ्यावर रोपं ठेवायची घाई केली की हे होतं. झोंबणारा वास पूर्ण जाईपर्यंत थांबा.

शेंडे चमच्यासारखे वळलेले, पानं नेच्यासारखी अरुंद झालेली दिसली तर दोष उबेचा नाही. गवतावर फवारलेली काही तणनाशकं, ॲमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड, जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टमधूनही टिकून येतात. टोमॅटो आणि शेंगभाज्यांना त्यांचा कणभरही चालत नाही. म्हणून अनोळखी ठिकाणची लीद आणली की मी आधी तिच्यातली थोडी कंपोस्टात मिसळून कुंडीत घेवड्याच्या बिया लावतो, शेजारी साध्या मातीची दुसरी कुंडी. तीन आठवड्यांत दोन्हीकडची पानं सारखी आली तरच ती लीद वाफ्यात जाते. हा उशीर परवडतो, फक्त लीद तोवर पोत्यात नीट बांधून, कोरडी आणि गार ठेवायची, म्हणजे तिची धग शिल्लक राहते.

आणि सगळ्याच बियांना ऊब लागत नाही. लेट्यूसचं बी ३० अंशांच्या आसपास गेलं की झोपी जातं, उगवतच नाही. ते वाफ्याच्या कडेला पेरा, मधली जागा मिरची, वांगी आणि काकडीला द्या.

त्या नऊ झाऱ्यांच्या वाफ्याची नोंद माझ्या वहीत आहे. उपसल्यावर तिसऱ्या दिवशी गाभ्यात ५६, सातव्या दिवशी ४८, मातीत २७. त्याच संध्याकाळी मिरची पेरली, आठव्या दिवशी कोंब दिसले. एकविसाव्या दिवशी गाभ्यात ३६. पाचव्या आठवड्यात भोकांतून दोनदा पाणी सोडलं. बावन्नाव्या दिवशी गाभा २३ वर आला, तोवर ढीग खचून निम्म्या उंचीचा झाला होता आणि रोपांना सहा-सहा पानं होती. ती कायमच्या वाफ्यात गेली, आणि खचलेला काळाभोर माल काट्याने उचलून टोमॅटोच्या चरात.